कुणाचा रं तू?

रामकृष्ण हरी, मंडळी! बसा, बसा. मागचे पुढं या, पुढचे जरा सरकून घ्या. तो पंखा माझ्यावरनं काढून त्या म्हाताऱ्या माउल्यांकडं फिरवा बघू. मला काय, बोललो की घाम येणारच.

आत्ता सरचिटणीसांनी माझी ओळख करून दिली. कागदावरनं वाचली. झकास वाचली! तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. त्या टाळ्या वाजत होत्या ना, तेव्हा मी मान खाली घातली होती. तुम्हाला वाटलं असेल, महाराज किती नम्र! असू द्या. मान का खाली गेली ते शेवटी सांगतो. आणि आज मी संतांचं एकही प्रमाण देणार नाही. का नाही, तेही शेवटीच.

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ऐका नीट! खोटं रचलं दुसऱ्यानं. आपण ते फक्त तोंडानं म्हटलं. तर मंडळी, पाप कुणाचं? रचणाऱ्याचं, का म्हणणाऱ्याचं? ...घाई नको. मृदंगवाले बुवा, तुम्ही तर बोलूच नका! स्वतःचा ताल चुकला की टाळकऱ्यांकडं बघता, मला ठाऊक आहे.

तर ऐका. बार्शीत मुरलीधर खुटाळे म्हणून एक गृहस्थ. सगळे मुरलीअण्णा म्हणतात. पिठाची गिरणी आहे त्यांची. खाली गिरणी, मागं स्वयंपाकघर, वर लाकडी जिना चढून गेलं की एक माडी. गिरणीवाल्याचं घर कसं असतं? पहिली गोष्ट — घरभर पीठ. भुवया पांढऱ्या, देवाच्या तसबिरी पांढऱ्या, मांजरसुद्धा पांढरी! आणि दुसरी गोष्ट — घरातलं प्रत्येक माणूस मोठ्यानं बोलतं. दिवसभर ती मोटार घरघरतेय, हळू बोलून भागतंय होय? "मीठ दे गं!" म्हटलं तरी चार घरांना कळतं, खुटाळ्यांच्या आमटीला आज मीठ कमी पडलं!

या मुरलीअण्णांची एक रीत होती. गिरणीत डब्यांची ओळ लागलेली असो, गावचा नगराध्यक्ष उभा असो — ज्याच्या घरी मयत झालंय, त्याचं दळण आधी. ओळ नाही, नंबर नाही. आणि तो डबा अण्णा स्वतः डोक्यावर घेऊन पोचवून यायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. डबा ठेवायचे, दोन मिनिटं उंबऱ्याशी बसायचे, उठून यायचे.

त्यांना एकच मुलगा — सुयोग. बी.कॉम. झालेला. गुणी पोरगा हो, खोटं कशाला बोला! पण नोकरी लागेना. आता तुम्ही म्हणाल, नोकरी न लागणं यात नवल काय? नवल पुढं आहे. आता मुलाखत घ्यायला माणूस नसतो! ते एआय, कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ना — ते यंत्र मुलाखत घेतं. लॅपटॉपवर एक बाई दिसते. सुंदर, टापटीप, पण पापणी लवत नाही. ती विचारते, तुम्ही सांगायचं. तुम्ही किती वेळ थांबलात, किती वेळा अडखळलात, ते सगळं ती टिपते, आणि मार्क देते. चहा नाही, "बसा" नाही, "घरी कोण कोण असतं बाळ?" नाही!

सुयोगनं अशा अकरा मुलाखती दिल्या. खरं बोलला. "वडिलांची गिरणी आहे, मी गिऱ्हाईक बघतो, लोकांशी माझं जमतं." अकरा वेळा नापास. आणि नापास झाल्याचं पत्र यायला किती वेळ? चार मिनिटं! अहो, पोराचा घाम वाळला नाही तोवर पत्र हजर! कुणा माणसानं नाकारलं असतं तर पोरगं घरी येऊन त्याला चार शिव्या तरी देतं. यंत्राला काय शिव्या देणार?

मग कॉलेजातला एक मित्र म्हणाला, "येड्या, तिकडं यंत्र विचारतंय ना? मग इकडं पण यंत्रच बसव की! मोबाइल लॅपटॉपच्या मागं उभा करून ठेव. तो प्रश्न ऐकतो आणि उत्तर मोठ्या अक्षरांत लिहून देतो. तू नुसतं वाचायचं."

म्हणजे बघा हं! विचारणारं यंत्र, सांगणारं यंत्र. लग्नात नवराही भाड्याचा, नवरीही भाड्याची, मधला अंतरपाट तेवढा खरा! हसता काय? तुमच्या-माझ्या घरातली पोरं आहेत ही. त्यांच्यावर ही वेळ कुणी आणली तेही कधीतरी विचारा.

बारावी मुलाखत आली. पुण्याची विमा कंपनी. मराठी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची नोकरी. सुयोग माडीवर बसला. इस्त्रीचा शर्ट, खाली घरातलीच लुंगी! खाली लुंगी असली तरी त्या बाईला कुठं दिसतेय? आणि मुरलीअण्णांनी काय केलं? पोराला त्रास नको म्हणून भर अकरा वाजता गिरणी बंद केली. ओळीत सात-आठ बायका डबे घेऊन उभ्या. केशरबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, "अण्णा, माझी ज्वारी अर्ध्यात का थांबवली?" अण्णांनी ओठावर बोट ठेवलं. "पोराची मुलाखत हाय. अर्धा तास तोंडं मिटा." आणि स्वतः जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, अंगभर पीठ, हात जोडून.

वर मुलाखत चालली. दोन-तीन प्रश्न झाले. आणि मग त्या बाईनं विचारलं, "आमचे अनेक ग्राहक घरातलं माणूस गमावल्यावर फोन करतात. दुःखात असलेल्या व्यक्तीला तुम्ही कधी आधार दिला आहे का? स्वतःचा अनुभव सांगा."

मंडळी, काय प्रश्न होता! उत्तर त्याच्या पायाखाली होतं. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलं होतं! पण पोराला वाटलं, गिरणीचं काय सांगायचं? अकरा वेळा सांगून बघितलं. त्यानं डोळे उचलून मोबाइलकडं बघितलं. तिथं अक्षरं उमटली होती — "मी बारावीत असताना माझ्या वडिलांचं निधन झालं..."

सुयोग थबकला. खाली अण्णा बसलेत, त्याला माहीत होतं. पण ती बाई वाट बघतेय. गप्प बसलं की मार्क कापते. एक सेकंद. दोन. तीन. आणि वाचलं त्यानं! कसं वाचलं? गिरणीवाल्याचा पोरगा तो — मोठ्यानं! जन्मात हळू बोलला नव्हता, आणि त्या गडबडीत विसरला की आज गिरणी बंद आहे!

"मी बारावीत असताना माझ्या वडिलांचं निधन झालं! त्या दिवसापासून घराची जबाबदारी माझ्यावर आली! रडणाऱ्या आईला मी सावरलं!"

खाली सगळ्यांनी ऐकलं. सात-आठ बायकांनी आधी वर बघितलं, मग पायरीवरच्या माणसाकडं बघितलं, आणि मग सगळ्यांनी आपापल्या डब्यात बघितलं. स्वयंपाकघरात सुयोगची आई शालनबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला.

मुरलीअण्णा पायरीवरच बसून राहिले. थोड्या वेळानं माडीवरनं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तेव्हा त्यांनी खालनं विचारलं, "झाली का रं? गिरणी चालू करू?"

एवढंच. आणि मोटार सुरू केली. सुयोग जिन्यावर आला तर एकही बाई त्याच्याकडं बघेना. त्याला कळलं. कान तापले त्याचे. पण बोलला का? नाही. त्यानं स्वतःच्या मनाला समजावलं, "ते मी कुठं म्हटलं? मोबाइलनं लिहिलं, मी वाचलं." ऐकताय ना? आपला पहिला प्रश्न!

चार दिवसांनी पत्र आलं. निवड झाली! यंत्रानं त्या एका उत्तराला पैकीच्या पैकी मार्क दिले होते. सोबत एक फॉर्म — घरच्यांची माहिती भरा. वडिलांचं नाव. आता आली का पंचाईत! मुलाखतीत बाप वारला, फॉर्मवर जिवंत कसा करायचा? सुयोगनं लिहिलं — "कै. मुरलीधर खुटाळे". ते 'कै.' कुठल्या यंत्रानं नाही लिहिलं. त्याच्या बोटांनी लिहिलं. लिहून लॅपटॉप मिटला आणि खाली जाऊन अण्णांना पेढा दिला. अण्णांनी खाल्ला.

आणि मग आठवड्याभरानं एक माणूस आला. कंपनीनं पाठवलेला. नवीन माणूस घ्यायचा तर घर खरं आहे का, माणसं खरी आहेत का, बघून जातात. सुयोग माडीवर बॅग भरत होता. एकदम गिरणी थांबली. जन्मापासून तो आवाज ऐकलेला पोरगा, तो थांबला की काहीतरी झालंय हे त्याला कळतं. तो जिन्याच्या तोंडाशी आला आणि खाली बघतो तर तो माणूस हातात मोबाइल घेऊन विचारतोय, "सुयोग खुटाळे इथंच राहतात? वडील वारले ना त्यांचे? आपण कोण?"

आता बघा, मंडळी. मुरलीअण्णा समोर उभे. पंचावन्न वर्षांचा, हाडामांसाचा, जिवंत बाप. एक शब्द म्हटला असता, "मीच बाप!" — काय चुकलं असतं? अण्णांनी हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाले, "मी चुलता त्याचा."

"बरं. आई आहेत का? त्यांना जरा बोलवा. फोटो लागतो."

अण्णा आत गेले. स्वयंपाकघरात काय बोलले, कुणाला ऐकू आलं नाही. हे एकच बोलणं त्या घरात हळू झालं. आणि मग शालनबाई बाहेर आली. माउल्यांनो, तुम्हाला सांगताना माझी जीभ जड होतेय. तिनं पदर कपाळावरनं खाली, भुवयांपर्यंत ओढला होता. कुंकू दिसू नये म्हणून. आणि डावा हात गळ्याशी धरला होता — मंगळसूत्र झाकून. नवरा तिच्या शेजारी उभा! आणि ती पोराच्या नोकरीसाठी विधवा होऊन फोटोला उभी राहिली. कपाळ मोकळं असलं म्हणून बाईचं काही उणं होत नाही, हे मी दर कीर्तनात सांगतो. पण जिवंत नवऱ्यापुढं कुंकू झाकायला लावणारा पोटचा पोरगा? त्याला काय म्हणायचं?

सुयोग जिन्यावर उभा होता. किती पायऱ्या? नऊ! नऊ पायऱ्या उतरायच्या आणि म्हणायचं, "साहेब, हे माझे वडील." जिन्याचा कठडा त्यानं धरला. एक पायरी उतरला. आणि थांबला. अकरा नापासाची पत्रं त्याला आठवली. फोटो निघाला, माणूस गेला. अण्णांनी गिरणी चालू केली. आणि पोरगा पुन्हा माडीवर जाऊन बॅग भरायला लागला.

शरम वाटते ना ऐकून? मला सांगताना वाटतेय. थांबा, अजून आहे.

पुण्याला सुयोग रुजू झाला. साहेबानं पाठ थोपटली. म्हणाला, "खुटाळे, तुमचं ते वडिलांचं उत्तर! यंत्रानं खास शिफारस केलीय. तुम्हाला मृत्यूच्या दाव्यांवरच बसवू. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांचे फोन तुम्ही घ्यायचे. आणि तुमचा अनुभव सांगत चला, लोकांना धीर येतो." समोर कागद चिकटवला. त्यावर वाक्य: 'मी आपलं दुःख समजू शकतो. माझेही वडील लहानपणीच गेले.'

एकदा बोललेलं खोटं एकदाच बोलून सुटत नाही हो! दिवसाला वीस-पंचवीस फोन. म्हणजे रोज वीस-पंचवीस वेळा बापाला मारायचं. आणि दर पंधरा दिवसांनी बार्शीच्या एसटीतनं डबा यायचा. ज्वारीचं पीठ. अण्णांच्या हातचं, बारीक दळलेलं, वर फडक्याची गाठ. त्या पिठाची भाकरी खायची आणि सकाळी जाऊन म्हणायचं, माझे वडील गेले. पोराला जेवण जाईना. बारीक झाला.

आणि एक दिवस फोन आला एका म्हातारीचा. तुळजापूरकडची. नवरा गेलेला, विम्याचा फॉर्म कसा भरायचा कळेना. सुयोगनं सुरू केलं, "नमस्कार, मी कंपनीतून सुयोग बोलतोय—"

"ते झालं रं बाबा. पण कुणाचा रं तू?"

आता हे आपल्याकडचं विचारणं! गावात शिरलात की पारावरची म्हातारी काय विचारते? नाव नाही, शिक्षण नाही, पगार नाही. कुणाचा रं तू? सुयोगला बारा मुलाखतींत हे कुणी विचारलं नव्हतं.

"मी... मुरलीधर खुटाळ्यांचा. बार्शीचा."

"हायत का वडील?"

समोर कागद. साहेब मागं फेऱ्या मारतोय. फोन रेकॉर्ड होतोय. सुयोगनं वाक्य म्हटलं. "माझेही वडील लहानपणीच गेले."

"अरं अरं अरं! कशानं गेले, लेकरा?"

आली का आता अडचण! यंत्रानं मरण दिलं होतं, पण कशानं मेले ते दिलं नव्हतं. सुयोग गप्प. म्हातारीला वाटलं, पोराला भरून आलं. ती स्वतःचं दुःख विसरली आणि त्यालाच समजवायला लागली. "नको रडू. येळेवर खात जा. आता मी आमच्या मालकाच्या फोटोपुढं दिवा लावायला चाललेय. तुझ्या बा-च्या नावानं बी एक वात लावते. काय नाव म्हणालास? मुरलीधर ना?"

"आजी, नको!" सुयोग ओरडला. गिरणीवाल्याचा आवाज! सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. "नका लावू! वात नका लावू! जिवंत हायत ते! माझे वडील जिवंत हायत, आजी!"

 मग म्हातारी म्हणाली, "मग असं का बोललास रं?"

"नोकरीसाठी."

"मला नको सांगू. मी परकी. ज्येला मारलंस त्येला जाऊन सांग."

साहेब डोळे वटारून शेजारी येऊन उभा. सुयोगनं त्याच्याकडं बघितलंच नाही. टेबलावर चाळीस दावे ओळीत होते. त्यानं म्हातारीचा वर काढला, तिच्याकडनं विचारून विचारून एकेक रकाना भरला, पुढं पाठवला, मगच खुर्चीतनं उठला. मयताचं दळण आधी — बापाची रीत त्याला त्या दिवशी आठवली.

नोकरी गेली. काढल्याचं पत्रही यंत्रानंच लिहिलेलं. खाली काय? 'आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!'

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बार्शीला एसटीतनं उतरला आणि चालत गिरणीपाशी आला. बायकांची ओळ लागलेली. अण्णा पिठात बुडालेले, त्यांनी बघितलंच नाही. सुयोग सरळ आत गेला आणि त्यानं मोटार बंद केली. सगळं शांत झालं. आतनं शालनबाई धावत आली.

आणि पोरगा त्या सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं ओरडला, "हे माझे वडील आहेत! मी खोटं बोललो! मी नोकरीसाठी तुम्हाला मारलं, अण्णा! त्या दिवशी मी जिन्यावर होतो, सगळं बघितलं आणि खाली आलो नाही! आईनं कुंकू झाकलं ते बघितलं—"

 अण्णा उभे राहिले. हातातली चाळणी खाली ठेवली.

"हळू बोल," ते म्हणाले. "मला ऐकू येतं."

मंडळी, त्या पाच शब्दांत सगळं आलं. त्या दिवशीही ऐकू आलं होतं ना!

शालनबाई म्हणाली, "त्या मुलाखतीपास्नं यांनी माडीवर पाय ठेवला नाही. म्हणतात, वर मी नसतोच." आणि तिनं तोंडाला पदर लावला. पोरगा तिथंच पिठात बसला, बापाचे पाय धरून. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला का? नाही ठेवला लगेच. माणूस आहे तो, देव नाही. 

ओळीत केशरबाई होती. तिनं आपला डबा पुढं सरकवला आणि त्या पोराला, लहानपणापासून ओळखत असून, विचारलं, "कुणाचा रं तू?"

"मुरलीधर गिरणीवाल्याचा," तो म्हणाला.

"मग ऊठ की. माझी ज्वारी घे."

अण्णांनी मोटारीचं बटण दाबलं. तोंड फिरवून दाबलं, डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.

संपली गोष्ट. आता पहिला प्रश्न. पाप कुणाचं? अहो, त्या यंत्राला बाप नाही. त्यानं मारला म्हणून काय बिघडलं त्याचं? ज्याचा बाप, त्याचं पाप. तोंड आपलं होतं.

आता तुम्ही सुयोगला नावं ठेवत असाल. ठेवा. पण मघाशी सरचिटणीसांनी वाचलेला तो कागद आठवा. "महाराजांचे वडील थोर शास्त्री. त्यांच्या चरणी बसून महाराजांनी बालपणीच शास्त्राध्ययन केलं." टाळ्या! तो कागद यंत्रानं लिहिलाय, मंडळी. सरचिटणीसांनी चार दिवसांपूर्वी मला मोबाइलवर पाठवला. "महाराज, बरोबर आहे का बघा." मी बघितलं. आणि मी लिहून पाठवलं — "छान आहे."

छान आहे! माझे वडील रखमाजी सोनटक्के. ते एसटी स्टँडवर मुताऱ्या धुवायचे. एकतीस वर्षं धुतल्या. त्यांना सही येत नव्हती. त्यांच्या त्या खराट्याच्या पगारावर मी शिकलो, हा फेटा बांधला, आणि आज तुमच्यासमोर, एका कागदासाठी, मी त्यांना पुसून टाकलं. टाळ्या वाजत होत्या आणि मी जिन्यावर उभा होतो. खाली आलो नाही. मग कुठल्या तोंडानं संतांचं प्रमाण देऊ? म्हणून दिलं नाही.

सरचिटणीस, तो कागद मला द्या. ...हा फाडला.

आता तुमची पाळी. लग्नाच्या बायोडाटात बापाचा धंदा बदलणारे इथं बसलेत. पोराच्या मित्रांपुढं आईला "गावाकडच्या मावशी" म्हणणारे बसलेत. नावं घेत नाही, मला माना दिसताहेत. आरती थांबेल जरा. देव रागावणार नाही, त्याला ठाऊक आहे आधी कुणाचं नाव घ्यायचं ते. टाळ खाली ठेवा. मृदंग खाली ठेवा. प्रत्येकानं आपल्या बापाचं नाव घ्या, आणि तो काय काम करायचा ते सांगा. मोठ्यानं. गिरणी बंद आहे, सगळ्यांना ऐकू येईल.

मी रखमाजी झाडूवाल्याचा. तुम्ही कुणाचे रं?